टॉमसच्या नावाखाली

"आणि आमच्या टॉमसच्या बायकोचं नाव काय होतं?" नोरीनबाईंनी विचारलं, आणि सुगतच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

लॅपटॉपच्या पडद्यावर आयर्लंडमधल्या एका खेड्यातलं स्वयंपाकघर होतं. इकडे सिंगापुरात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली होती: सुगत, त्याची तेरा वर्षांची इरा, आणि कामठीहून आलेली त्याची आई शांताबाई.

टॉमस म्हणजे सुगतचा पणजोबा, कामठीच्या छावणीतला गोरा शिपाई. नळीत थुंकून ती परदेशी पाठवायची, की नातेवाईक सापडतात. डीएनएच्या या नव्या विद्येनं सुगतनं नोरीनबाईंना हुडकून काढलं होतं. त्या टॉमसच्या भावाची नात. डिसेंबरात सगळे त्यांच्याकडे जाणार होते. तिकिटं काढल्यापासून जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सुगत दुसरं काही बोलतच नव्हता. आयरिश रक्त अंगात आठवा हिस्सा, पण तोंडात सोळा आणे. कामठीचं नाव मात्र त्या बसमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. पुण्याच्या मंडळींनी "मूळचे कुठले?" असं विचारलं, की "नागपूर साइड" म्हणून तो खिडकीबाहेर बघायचा.

नोरीनबाईंकडे असला आडपडदा नव्हता. टॉमसचा बाप दुसऱ्याची डुकरं राखायचा, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. टॉमस स्वतः पाद्र्याचे बूट चोरून पळाला आणि सैन्यात भरती झाला. "घरात कुणाच्याच पायात बूट नव्हते रे, एवढं चालत जाणार कसा?" असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या. टॉमस आजारी पडून एकटाच परत आला होता. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. माझी बायको हिंदुस्थानात आहे, एवढंच सांगत राहिला. तिचं नाव त्याच्याबरोबर गेलं. आता त्याच्या कबरीवर नवा दगड बसवायचा होता.

"त्याच्या नावाखाली तिची जागा मोकळी ठेवलीय," त्या म्हणाल्या. "उद्या पाथरवट येतोय. तुम्ही याल तेव्हा दोघंही तिथं असतील."

सुगतला नाव ठाऊक होतं. कचरा. आधीची लेकरं जगेनात म्हणून हिला आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवली आणि तिथून उचलून घरात आणली. कचराबाई. छावणीतल्या घोड्यांची लीद काढून तिनं एकटीनं पोर वाढवलं, ते पोर म्हणजे सुगतचे आजोबा.

"सुलोचना," सुगत म्हणाला.

कुठून आलं ते नाव, त्याचं त्यालाही कळलं नाही. चांगल्या घरातलं वाटलं, एवढंच.

इरानं चमकून मान वर केली. "बट आजी टोल्ड मी..."

सुगतनं टेबलाखाली तिचा गुडघा दाबला. जरा जोरातच दाबला.

"सू-लो-चा-ना," नोरीनबाई म्हणाल्या. "नाही, थांब, चुकलं. नीट यायला हवं. बिचारी किती वर्षं ताटकळली असेल." त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, मग पुन्हा. जमलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि छातीवर क्रुसाची खूण केली. "ये गं सुलोचना, घरी ये," असं काहीसं त्या हळूच पुटपुटल्या.

सुगतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून वेळ होता. चुकलो म्हणायचं आणि खरं नाव सांगायचं, एवढंच तर होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं "थँक यू." नोरीनबाईंनी हात हलवला आणि पडदा काळा झाला.

"व्हाय यू लाय, बाबा?" इरा गुडघा चोळत उठली. "शी सो नाइस, लाह." खोलीचं दार तिनं आपटलं नाही. हळूच लावलं, आणि ते सुगतला जास्त लागलं.

शांताबाई समोरच बसून होत्या. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं, पण कोण कुणाचं नाव विचारतंय आणि लेक काय सांगतोय, ते बरोबर कळलं होतं. सुगतला त्यांच्याकडे बघवेना. तो पेल्यातली गार कॉफी ढवळत बसला.

"दीक्षेच्या वक्ती पुष्कळांनी नावं बदलली, बाबू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुझ्या आजोबानं बुढीले लय समजावलं. चांगलं नाव घे म्हणे. तर बुढी म्हणे, ज्या नावानं मायनं मले जगवलं, ते मी नाही टाकत."

"मला माहीत आहे, आई."

"माहीत आहे ना."

"पण ते नाव तिला कसं सांगणार होतो मी?" सुगतचा आवाज चढला आणि लगेच पडला. "दगडावर कोरणार आहेत ते. कायमचं."

शांताबाई विचारात पडल्या. मग खरोखरच उलगडा होत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्या बाईले मराठी येते का रे?"

"नाही."

"मंग तिले काय समजनार होतं, बाबू?"