बुधवारी अकराला

"ती इथे येते की नाही, हेसुद्धा मला सांगता येत नाही हो," मावशींनी चौथ्यांदा सांगितलं.

समोरच्या माणसाने चौथ्यांदा मान डोलावली आणि तो मुकाट बाकावर जाऊन बसला.

विद्यापीठाच्या आरोग्य व समुपदेशन केंद्रात दारासमोरचं टेबल मावशींचं होतं. मुलं मावशी म्हणायची, मग प्राध्यापकही म्हणू लागले. एका सत्कारात खुद्द कुलगुरूंनी मावशी म्हटलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावाची आशा सोडून दिली. त्यांचं काम वेळा देण्याचं. कुणाला डॉक्टर हवा असायचा, कुणाला समुपदेशक, कुणाला परीक्षेत पेपर लिहून द्यायला लेखनिक.

नियम एकच होता, पण कडक. इथे कोण येतं हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. आईबापांनाही नाही. हा नियम मुख्य समुपदेशक मॅडमनी केला होता. मॅडमना मूलबाळ नव्हतं, आणि मावशींच्या मते सगळी गोम तिथेच होती.

तो माणूस गेल्या गुरुवारपासून येत होता. पन्नाशीचा सुतार, अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी त्याने सगळं सांगून टाकलं होतं. एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून बाहेर पडली आणि परत आलीच नाही. फोन नंबर बदलला. ती याच विद्यापीठात आहे एवढं कुणाकडून तरी कळलं होतं. वसतिगृहाने त्याला फाटकातूनच वाटेला लावलं होतं.

"रागाच्या भरात काहीबाही बोललो मी, ताई," तो म्हणाला होता. "आता घर खायला उठतं."

ती मुलगी कोण, हे मावशींना तिथल्या तिथे कळलं होतं. बापलेकीचं नाक अगदी एकाच साच्यातलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक काम केलं. चाकाच्या खुर्चीसाठी बाहेर जो उतार होता, त्याचा कठडा चार महिन्यांपासून हलत होता. मावशींनी तीन अर्ज केले होते. कुबड्या घेतलेला एक मुलगा तिथे अडखळलेला पाहून हा माणूस उठला, पिशवीतून पेचकस काढला आणि दहा मिनिटांत कठडा घट्ट करून आला. मावशींनी त्याला आपल्या कपातला अर्धा चहा दिला.

आज मंगळवार होता. दुपारी सगळे जेवायला गेले तरी तो बसूनच होता.

"भाऊ, घरी जा," मावशी म्हणाल्या. "उपाशी बसून काय होणार?"

"एवढंच सांगा, ताई. तिचा उजवा हात अजून दुखतो का?"

मावशींनी डबा तसाच ठेवला.

"तीन ठिकाणी मोडला होता," तो म्हणाला. "मीच उचलून दवाखान्यात नेली. महिनाभर माझ्या हाताने भरवलं तिला. थंडीत रात्र रात्र कळा यायच्या. इथे तिला कोण विचारतं, कुणास ठाऊक."

मग तो पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत असल्यासारखं करू लागला. त्याचे खांदे हलत होते.

मावशींनीही एकदा घर सोडलं होतं, लग्नाच्या वेळी. वडील वर्षभर निरोप पाठवत राहिले आणि या बाईसाहेब रुसून बसल्या. मग एक दिवस निरोप आला तो वडील गेल्याचा. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. अजूनही कधी जेवता जेवता आठवण आली की घास खाली उतरत नसे.

त्या टेबलामागून उठल्या आणि त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

"थंडीत दुखतो," त्या हळूच म्हणाल्या. "पेपरला लेखनिक घेते. अभ्यासात हुशार आहे पोरगी. उद्या बुधवार. अकराला येईल ती. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

त्याने दोन्ही हात जोडले.

रात्री मावशींना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. नियम मोडल्याचं त्यांना जराही वाईट वाटत नव्हतं.

बुधवारी तो साडेदहालाच हजर होता. दाढी केलेली, केस नीट विंचरलेले. बापलेकीला जरा मोकळेपणाने बोलता यावं म्हणून मावशींनी वाट बघणाऱ्या बाकीच्या मुलांना आतल्या खोलीत बसवलं. मॅडमचं दार बंद होतं, आत दुसऱ्या कुणाची तरी वेळ चालू होती. ती आली की बाहेर आता ते तिघंच असणार होते.

अकराला पाच मिनिटं कमी असताना ती आली. नेहमीसारखीच पाठीवर दप्तर, उजवा हात स्वेटरच्या खिशात.

तो उठून दाराजवळ उभा राहिला.

"बाळा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "चल, घरी जाऊ."

ती जागच्या जागी थांबली. रडली नाही, ओरडली नाही. मावशींना वाटलं, आता हिचा बांध फुटणार. त्यांचेच डोळे भरून आले. आपल्याला जे जमलं नाही ते या पोरीला तरी जमतंय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

"आले, बाबा," ती म्हणाली. "सही तेवढी करते."

ती टेबलाशी आली. बापाकडे पाठ करून तिने वही ओढली आणि डाव्या हाताने सावकाश सही केली. मग मान वर करून ती मावशींकडे बघून छान हसली. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"मावशी, माझ्याकडे बघून हसत राहा," ती अगदी हळू म्हणाली. "यांना इथलं कुणी सांगितलं ते नंतर बघू. मागचं दार कुठे आहे?"