कबुलीजबाब

पडद्यावर ब्रिटिश हेराने शशिधरचं डोकं बादलीत दाबलं, तेव्हा लंडनमधल्या हॅरोच्या थिएटरात त्याचे सासरे अण्णा अभिमानाने ताठ बसले.

“आले बघ जावई,” ते मुलीला म्हणाले.

“अण्णा, हळू,” सुलक्षणा म्हणाली. पण पुढच्या रांगेतल्या मडमेने वळून पाहिलं, तेव्हा सुलक्षणाच तिला म्हणाली, “माय हजबंड.”

शशिधर दोघांच्या मधे बसला होता. पडद्यावर त्याला दाढी होती आणि तो कुठल्याशा वाळवंटी देशाचा शास्त्रज्ञ होता. देशाला नाव द्यायचं सिनेमावाल्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना पूर्वेकडचे चेहरे हवे होते आणि असे चेहरे स्वस्तात हॉस्पिटलातच मिळत, शशिधरसारख्या देशी डॉक्टरांत.

अण्णा निवृत्त हेडमास्तर. साताऱ्याहून आल्याआल्या त्यांनी जवळच्या पिनरच्या लायब्ररीतून मूळ कादंबरी आणून, डिक्शनरी जवळ घेऊन, वाचून काढली होती.

“पुस्तकात तुम्ही शेवटपर्यंत तोंड उघडत नाही,” ते कुजबुजले. “मरता, पण उघडत नाही. थोर माणूस.”

“सिनेमात थोडं बदललंय, अण्णा.”

शशिधर निर्धास्त होता. दिग्दर्शकाने त्याला सांगितलं होतं, तुझ्या भाषेत काहीही कबूल कर, फक्त मनापासून कर. नंतर दुसऱ्याचा आवाज घालू.

डोकं वर आलं. दाढीतून पाणी गळत होतं. आवाज शशिधरचाच होता.

“सांगतो, सांगतो! नापास झालोय हो मी. एफआरसीएस नापास. तिसऱ्यांदा!”

खाली इंग्रजी अक्षरं उमटली: क्षेपणास्त्रं डोंगरात आहेत. थिएटरने श्वास रोखला.

जावई सर्जन झाले म्हणून अडुसष्टच्या मार्चमध्येच अण्णांनी अख्ख्या गल्लीत कंदी पेढे वाटले होते.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“खाली भलतंच लिहिलंय,” ते म्हणाले. हेडमास्तरांना आधी भाषांतरातली चूक दिसली.

हेराने सिगरेट पेटवली आणि तो काहीतरी पुटपुटला. अण्णांना लिहिलेलं इंग्रजी कळायचं, पुटपुटलेलं नाही.

“साहेब काय म्हणाला?”

“खोटं बोलतोय म्हणाला,” सुलक्षणा घाईने म्हणाली. “हा माणूस खोटं बोलतोय.”

“वाटलंच मला!” अण्णा मोठ्याने हसले. एकटेच.

शूटिंगच्या दिवशी आपल्याला दोनदा बुडवलं होतं, हे शशिधरला आत्ता आठवलं.

“चला, उठू या,” तो म्हणाला. “माझं काम संपलं. पुढे काही नाही.”

सुलक्षणाने त्याचं मनगट धरलं. “अहो, बसा.”

डोकं पुन्हा बादलीत गेलं आणि बराच वेळ आत राहिलं. वर आलं तेव्हा या माणसाला अभिनय येत नाही, हे कुणालाही कळलं असतं.

“आईशप्पथ, खरं सांगतोय. पास झालो म्हणून कळवून बसलोय. पण घरी सांगू नका. पाया पडतो, घरी तेवढं सांगू नका.”

खाली लिहून आलं: ती उद्या पहाटे सुटतील. पुढच्या मडमेने वळून सुलक्षणाला सांगितलं, “ही इज मार्व्हलस.”

हेर या वेळी हसला आणि मोजकंच बोलला.

“आता काय म्हणाला?” अण्णांनी विचारलं.

सुलक्षणा पडद्याकडे बघत राहिली. मनगटावरचा तिचा हात केव्हाच निघाला होता.

“आता खरं बोललास, म्हणतोय,” शशिधर म्हणाला.

पडद्यावर त्याला गोळी लागली आणि सिनेमा लगेच कुठल्यातरी बर्फाळ शहरात गेला. अण्णांनी मफलर गळ्याशी घट्ट ओढून घेतला. तोंड पडद्याकडेच ठेवून त्यांनी विचारलं,

“पाणी फार गार होतं का हो?”