उजवा पल्ला

चौथ्यांदाही मिहारूने किमोनोचा उजवा पल्ला वर घेतला.

"कट," दिग्दर्शक हिशिनुमा म्हणाले. ते चिडले नव्हते, आणि तेच वाईट होतं. क्योतोच्या त्या स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं, हिशिनुमा चिडायचे थांबले की त्यांनी आशा सोडलेली असते.

उजवा पल्ला वर घेऊन किमोनो नेसवतात तो प्रेताला. इथे तर रंगाऱ्याची बायको सकाळी उठते, कॅमेऱ्याकडे तोंड करून किमोनो नेसते आणि नवऱ्याला हाक मारते, एवढाच प्रसंग होता. पण तो मध्ये कुठेही तोडायचा नव्हता.

"पाठीमागून घेऊ," हिशिनुमा सहायकाला म्हणाले. "नेसायला दुसरी कुणीतरी उभी करा. गाणाऱ्या मुलीकडून आतापर्यंत झालं तेच पुष्कळ."

मिहारूने ते ऐकलं. चौदाव्या वर्षापासून ती गात होती, नाचत होती. तिच्या कार्यक्रमांची तिकिटं मिळत नसत. हा तिचा पहिला मोठा सिनेमा, आणि याच प्रसंगासाठी तिने तो घेतला होता.

"जेवणाची सुट्टी होऊ दे," कपडेपटातला म्हातारा कुरामोची म्हणाला. "मग एकदा बघा."

दिग्दर्शकाला असं सांगायची कुणाची छाती नव्हती. पण हिशिनुमा स्वतः नट होते तेव्हा त्यांना कुरामोचीच नेसवत असे.

"अर्धा तास," ते म्हणाले.

कपडेपटाच्या खोलीत मिहारूने जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही.

"डावा पल्ला वर, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं," कुरामोची म्हणाला.

"मलाही माहीत आहे. हातांना माहीत नाही." तिने फोन काढला. "हा तुम्हीच पाठवलेला व्हिडिओ. दौऱ्यावर रोज हॉटेलात बघून केलंय. दोनशे वेळा तरी."

"करून दाखवा."

फोनमधला कुरामोची किमोनो नेसू लागला. मिहारू त्याच्यासमोर उभी राहून नेसू लागली. त्याने डावा हात उचलला की ती उजवा उचलायची. दोघांचे हात अगदी एका वेळी हलत होते.

"थांबा," खरा कुरामोची म्हणाला. "माझा डावा, तर तुमचा उजवा का?"

"नाच असाच शिकतो आम्ही. समोरच्याचा हात ज्या बाजूला, त्याच बाजूचा आपला. आमच्याकडे व्हिडिओ मुद्दाम उलटा करून पाठवतात."

"मी आरसा नाही, बाई."

मिहारूने फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवरच्या पल्ल्याकडे.

"म्हणजे दोनशे वेळा मेलात तुम्ही," कुरामोची म्हणाला.

"म्हणूनच एवढी भूक लागली असेल," असं म्हणून तिने डबा ओढला आणि उभ्याउभ्याच भाताचा एक गोळा संपवला.

कुरामोचीने तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः तिच्या शेजारी, एक पाऊल मागे उभा राहिला.

"मी मागच्या रांगेतला. आता मोजा, तुम्ही मोजता तसं."

"मागच्या रांगेतल्यांनी हसत राहायचं असतं, कुरामोची-सान."

"हसतोय."

"पाच, सहा, सात, आठ." एकला उजवा पल्ला आत, दोनला डावा वर. तीन-चारला दोरी. त्यांनी सहा वेळा केलं.

दुपारी कॅमेरा सुरू झाला तेव्हा कुरामोची मागे अंधारात उभा होता. रंगाऱ्याची बायको उठली. तिने केस मागे सारले. उजवा आत, डावा वर. दोरी, मग कमरपट्टा. ओठ हलले नाहीत. मग तिने आतल्या खोलीकडे मान वळवली.

"अहो, उठता ना? पाणी तापलंय."



"झालं," हिशिनुमा म्हणाले. "मघाशी पाठीमागून घ्यायचं कोण म्हणत होतं?"

संध्याकाळी ओसाकाला तिचं गाणं होतं. गाडी खाली येऊन थांबली होती. मिहारू आपल्या साध्या कपड्यांत कपडेपटात आली, तेव्हा कुरामोची किमोनो चटईवर पसरत होता.

"इतक्या वर्षांत तुमचं एकदाही चुकलं नाही?"

"उजवा पल्ला वर घेतला एकदा," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात. घरी."

"मग?"

"चुकलं नव्हतं ते." त्याने किमोनोची बाही सरळ केली. "छान दिसत होती आमची ही."

खालून गाडीचा भोंगा वाजला. मिहारू त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून चटईवर बसली आणि किमोनोचं दुसरं टोक तिने हातात घेतलं.

"पाच, सहा," ती हळूच म्हणाली.

"सात, आठ," कुरामोची म्हणाला, आणि दोघांनी घडी घातली.