तिसरी पेनल्टी

“पत्ता कशाला लागतो?” धुळ्याच्या स्टँडवर बसमधून उतरता उतरता हबीबभाई म्हणाले. “मोतीलालचं घर म्हणजे काय सरकारी गुपित आहे? कुणालाही विचार.”

वाल्मीकभाऊंनी मान डोलावली. जळगावच्या गुलशन फुटबॉल क्लबची मॅच या दोघांनी चाळीस वर्षांत क्वचितच चुकवली असेल. आणि क्लबच्या बाबतीत हबीबभाई कधी चुकत नाहीत, असं निदान हबीबभाईंचं तरी ठाम मत होतं.

क्लबला पन्नास वर्षं होत होती. रविवारी जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला होता. बाकी सगळे यायला तयार होते. मोतीलालकडे मात्र धुळ्याला जाणाऱ्यांबरोबर दोनदा निरोप धाडला आणि दोनदा ‘येत नाही’ एवढंच उत्तर आलं. ज्याने एकोणीस वर्षं गोल सांभाळला, तोच नसेल तर सत्कार कसला? “मी आणतो त्याला,” असं हबीबभाईंनी भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. का सांगितलं, ते त्यांनी वाल्मीकभाऊंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मोतीलाल देवपूर भागात राहतो एवढं माहीत होतं. तिथे एका कोपऱ्यावर पंक्चर काढणारा बसला होता.

“फुटबॉलवाले नाना कुठे राहतात?” हबीबभाईंनी विचारलं. खानदेशात त्या वयाचा माणूस नानाच, नाव घ्यायची गरज त्यांना वाटली नाही.

“तो निळा दरवाजा,” तो मान वर न करता म्हणाला.

“बघ,” हबीबभाई वाल्मीकभाऊंना म्हणाले.

दार सत्तरीच्या एका गृहस्थांनी उघडलं. “कोनकडे उनात?”

“तुमच्याकडेच! जळगावहून आलो, गुलशन क्लबकडून.” हबीबभाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “नाना, तुम्ही आम्हाला ओळखणार नाही. पण आम्ही तुम्हाला हजारांत ओळखू.”

नाना काहीतरी बोलणार होते, पण गुलशनचं नाव ऐकून थबकले. दोघांकडे नीट बघून ते दारातून बाजूला झाले. “या, बसा.”

नाना चहा टाकायला आत गेले तसे वाल्मीकभाऊ कुजबुजले, “मोतीलाल चांगला उंच होता. मिशाही होत्या.”

“तीस वर्षं झाली, वाल्मीक. मिशा काढता येतात आणि म्हातारपणी माणूस आकसतो. तू काय कमी आकसलास?”

चहा आला आणि गप्पा रंगल्या. म्हणजे हबीबभाई बोलत होते. राइट बॅक जीवराम सतरा वर्षं खेळला, यावलहून केळीची कापणी उरकून पहिल्या बसने यायचा, पँटला केळीचे डाग तसेच. कप्तान शेहजाद चौदा वर्षं खेळला आणि चौदा वर्षांत त्याने कुणाला पास दिल्याचं कुणाला आठवत नाही.

“जीवराम,” नाना हसले. “माझा हा घोटा त्यानेच फोडला.”

“सरावातसुद्धा सोडायचा नाही कुणाला!” हबीबभाईंनी मांडीवर थाप मारली.

वाल्मीकभाऊंचं अजून समाधान होत नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला. “नाना, इथली धुळ्याची फायनल. तिसरी पेनल्टी आठवते?”

“ती कशी विसरेन?” नाना लगेच म्हणाले. “धुळ्याचा अमृत मारायला आला. उजवीकडे मारायचं ठरवलं होतं. पळता पळता मन बदललं आणि डावीकडे मारला. तिथेच घात झाला.”

वाल्मीकभाऊंनी कप पुन्हा उचलला.

“ऐकलंस?” हबीबभाईंचा चेहरा फुलला. “समोरच्याच्या मनातलं वाचायचे, म्हणून एकोणीस वर्षं टिकले. आणि त्या अमृतचे पाय कसे लटपटत होते!”

“लटपटत नव्हते,” नाना शांतपणे म्हणाले. “बॉल चांगलाच मारला होता.”

“हा तुमचा मोठेपणा.”

मग हबीबभाईंनी कप बाजूला सारला आणि ते पुढे सरकून बसले.

“नाना, आता खरं कशासाठी आलो ते सांगतो. शेवटच्या मॅचला बॉल तुमच्या पायांतून गेला. गर्दीतून एक जण ओरडला, ‘म्हातारा झालास, घरी जा!’ मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. ग्लोव्ह्ज गोलमध्ये ठेवून तुम्ही निघून गेलात, ते कायमचे. तो पहिला आवाज माझा होता.”

वाल्मीकभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले.

“तीस वर्षं झोपताना तेच आठवतं मला. क्लबचा यात दोष नाही. दोन कानाखाली द्या, पण रविवारी या. मला माफ करा.” हबीबभाईंचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

नानांनी हबीबभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं केलंत, आलात. या गल्लीत या शब्दांची फार वर्षं वाट बघितली गेली आहे.”

“मग रविवारी?”

“गाडी पाठवा. दोघांची जागा ठेवा.”

“चौघांची ठेवतो!” नाना वहिनींनाही आणणार म्हणून हबीबभाईंना आणखीच भरून आलं. बोलल्याप्रमाणे करून दाखवलं होतं. त्यांनी वाल्मीकभाऊंकडे असं बघितलं, जणू ती तिसरी पेनल्टी आज त्यांनीच अडवली होती.

नाना उठले आणि मागच्या अंगणात गेले. कमरेएवढ्या भिंतीवरून वाकून त्यांनी शेजारच्या घराकडे हाक मारली.

“अरे, आठे ये. तुना जळगावना लोक उनात.”

पलीकडे खुर्ची सरकली. एक जाड, खर्जातला आवाज आला.

“उनू रे, अमृत. चहा टाक.”