बरी झालीस समज
नर्सवहिनी, पाय उचला, चालता चालता सगळं सांगतो. गेल्या आठवड्यात परदेशी डॉक्टर आलेले ना, औषधं द्यायला नि येशूचं सांगायला, त्यांचं बोलणं लोकांना मी, त्यांचा गाडीवालाच, मराठीत समजावत होतो. साखरेच्या आजारासाठी रोज इन्सुलिनची सुई घेणाऱ्या शिंपिणीच्या डोक्यावर हात ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाली, देव तुला बरं करील, सुई सोडू नको. आपण नाही का, चप्पल शोधतानाच ‘आलो’ म्हणतो? तसं मी बोललो, “बरी झालीस समज.” बायका रडायला लागल्या, त्यात सुईचं सांगायचं राहिलं. आत्ता तिचा नवरा भेटला. सुईच्या औषधाची भरलेली बाटली हातात ठेवून म्हणतो, “भाऊ, दुसऱ्या गरजूला द्या. सुई सोडून चार दिवस झाले. आज निवांत झोपलीये, उठतच नाही.” तसाच तुमच्याकडे धावत आलो. हेच घर. तुम्ही आधी आत जा, तिनं ओ दिली तरच मला हाक मारा.