प्रमुख पाहुणी

आमच्या कोलशेतच्या सोसायटीत सोळा तासांच्या उपवासाचं वेड पसरवलं ते हेमांगीनेच. पण दिवाळीत तिचा स्वतःचाच नेम मोडला, आणि फराळ संपला तरी सकाळचे पोहे आणि रात्री दहाचा वडापाव काही सुटेना.

एक दिवस सुमतीकाकूंचा फोन आला. "अगं, पुढच्या महिन्यात क्लबहाउसमध्ये उपवासावर कार्यक्रम ठेवलाय. तुला स्टेजवर यायचंय हं!"

हेमांगीला एकदम हुरूप आला. त्या दिवसापासून संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तिने पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. कार्यक्रमाला ती पुन्हा अंगात बसू लागलेला जुना ड्रेस घालून ऐटीत पोचली.

तिला बघून सुमतीकाकूंचा चेहराच पडला.

"अगं बाई, बारीक कशाला झालीस? उपवास सोडल्यावर काय होतं, ते दाखवायला बोलावलं होतं तुला!"