किमतीचा कागद

सुजितला वीस लाख मिळणार होते. घातले होते सातशे नव्याण्णव. लॉकडाऊनमध्ये हाताला काम नव्हतं तेव्हा त्याने ‘पंचतनआंबा डॉट कॉम’ हा इंटरनेटवरचा पत्ता आपल्या नावावर करून ठेवला होता. त्यावाचून आजवर जगात कुणाचं अडलं नव्हतं. आता दुबईच्या एका व्यापाऱ्याचं अडलं होतं. तो बारा लाख म्हणाला. सुजितने सहज वीस सांगून बघितले, तर लगेच कबूल. फक्त त्याच्या वकिलाला त्या नावाच्या किमतीचं सर्टिफिकेट हवं होतं. ते त्याने सांगितलेल्या साइटचंच पाहिजे, आणि पाचच्या आत. फी बारा हजार, विकणाऱ्याने भरायची.

पाचला वीस मिनिटं कमी होती. सुजितच्या खात्यात चौदा हजार होते, पण त्यातले आठ हजार पाचशे पन्नास त्याचे नव्हते. नऊ मुलींनी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची फी, साडेनऊशेप्रमाणे, त्याच्याकडे रोख आणून दिली होती, ती त्याने खात्यात भरली होती. मुदत आज सहापर्यंत. बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या त्याच्या ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात त्याची बायको सुचिता नऊही फॉर्म भरून बसली होती. पैसे तेवढे जायचे होते.

“अहो, आधी पोरींचे भरा.”

“पोरींना सहापर्यंत टाइम आहे, ह्याला पाचपर्यंत. वीस लाख आले की नऊ काय, नव्वद फॉर्म भरू.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोंडाजी आबा बसले होते. नात अमिषा हिच्या फॉर्मची पावती न्यायला आले होते. झाडावरचा आंबा नजरेने जोखून बागेची किंमत सांगायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. आज सकाळीही दिवेआगरला एका व्यापाऱ्यासाठी साठ कलमं फिरून आले होते. त्याचे सहाशे रुपये मोबाईलवर जमा झाले होते.

“काय रं, त्याने मालात खोट किती काढली?” आबांनी विचारलं.

“एक पण नाही. नाव लय आवडलंय त्याला.”

“घेणारा, आणि खोट काढत न्हाय?” आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मला बागेत कोण नेतो? घेणारा. माझे पैसे कोण देतो? घेणारा. तुझ्या दुबईवाल्याचा मात्र माणूस त्याचा नि मजुरी तुझी. त्याला सांग, दुसरीकडून किंमत काढून आणतो.”

सुजितने लिहिलं. उत्तर आलं: फक्त हीच साइट चालेल.

“मग सांग, फी तूच भर. वीस लाखांतनं कापून घे.”

सुजितने तेही लिहिलं. पलीकडचा टाइप करू लागला. थांबला. पुन्हा टाइप करू लागला. सुचिताचं बोट माउसवर तसंच राहिलं.

सुजित खुर्चीतून उठलाच. “बघा! अर्धे तो भरतोय. सहा हजार भरले पण! हा स्क्रीनशॉट. आबा, तुमच्यामुळे सहा हजार वाचले!”

“त्याने भरलेले तुला दिसले, का त्याने दाखवले?”

पण सुजित घासाघीस जिंकला होता, आणि जिंकलेल्या माणसाला कान नसतात. पाचला आठ कमी असताना त्याने क्यूआर कोड स्कॅन केला. सहा हजार गेले.

चार मिनिटांत सर्टिफिकेट आलं. सोनेरी किनार, खाली शिक्का. किंमत वीस लाख चाळीस हजार.

“चार मिनिटांत?” आबा म्हणाले. “मला एका कलमाखाली त्याहून जास्त वेळ लागतो.”

सुजितने ते व्यापाऱ्याला पाठवलं. एक टिक आली. दुसरी आली नाही. पाच वाजले, सव्वापाच झाले. मग त्या नंबरवरचा सुटाबुटातला फोटो गेला आणि तिथे नुसतं राखाडी वर्तुळ राहिलं. सुजितने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

“तो फोन ठेवा खाली,” सुचिता म्हणाली. “नि पोरींचे भरा.”

तो भरू लागला. एक, दोन, तीन. साइट अडखळत होती. आठवी पावती निघाली तेव्हा सहाला अकरा मिनिटं होती आणि खात्यात चारशे रुपये. गठ्ठ्यात तळाशी राहिला तो सोमवारी सगळ्यांच्या आधी आलेला फॉर्म.

“अमिषाचा,” सुचिता म्हणाली. तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये एक रुपयाही नव्हता. ते तिने आधीच पाहून ठेवलं होतं.

सुजितने आबांकडे बघितलं नाही. “आबा, आज साडेपाचशे कमी पडतायत. मी उद्या...”

“फॉर्म उद्या घेतात काय?”

आबा उठले, टोपी डोक्यावर ठेवली. काउंटरवर लावलेल्या कोडसमोर मोबाईल धरला आणि एकेक आकडा बोटाने दाबत गेले.

किमतीच्या कागदाला सहा हजार पडले होते. दुबईवाल्याचे त्यात शून्य. सुजितचे पाच हजार चारशे पन्नास. बाकीचे कुणाचे, ते काउंटरवरच्या, पैसे जमा झाले की बोलणाऱ्या डबीने साऱ्या दुकानाला ऐकवलं:

“पाचशे पन्नास रुपये प्राप्त झाले.”